ठोक्यापासून घरघरीपर्यंत

कारखान्यात सुट्या भागांवर क्रमांक उमटवण्याचं काम पूर्वी पंच आणि हातोड्याने व्हायचं. नंतर डॉट पीन यंत्रं आली. हवेच्या दाबावर कार्बाइडची सुई थडथडत ठिपक्याठिपक्याने अक्षर काढायची, आणि खाली पोकळ पत्रा असला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. त्यांच्या तुलनेत धातूला स्पर्शही न करता प्रकाशाने खूण करणारं लेझर यंत्र म्हणजे शांततेची हमी वाटणं स्वाभाविक होतं. ती हमी बऱ्याच अंशी खरीही ठरली. पण या साठेक वर्षांचा मागोवा घेतला तर लक्षात येतं की लेझर मार्किंगचा आवाज कमी झाला तो आवाजाशी कुणी झुंज घेतली म्हणून नव्हे. विजेची उधळपट्टी थांबली आणि तिच्याबरोबर आवाजही उतरला. ही फुकटची कमाई आता संपत आली आहे. उरलेला आवाज मुद्दाम हात घातल्याशिवाय जाणार नाही, आणि हात कुठे घालायचा याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो.

थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर १९६० साली चालवला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून मार्किंगच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन लेझर आले: कार्बन डायऑक्साइडचा आणि निओडिमियम-याग स्फटिकाचा. (यांतला पहिला घडवणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.) लाकूड, चामडं, प्लास्टिक यांच्यासाठी पहिला, धातूसाठी दुसरा, अशी ढोबळ वाटणी झाली. धातूवर चालणाऱ्या यागची अडचण त्याच्या दिव्यात होती. क्रिप्टॉनच्या प्रखर दिव्याला दिलेल्या विजेतले शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग लेझर किरणात उतरत, बाकीची सगळी उष्णता. ती काढायला पाण्याचा चिलर लागे; म्हणजे पंप, कॉम्प्रेसर आणि मोठा पंखा. किरण मुका होता, पण त्याची सरबराई गोंगाट करत होती. पुढे दिव्याची जागा डायोडने घेतली आणि २००० नंतर फायबर लेझर मार्किंगमध्ये स्थिरावला. त्याची कार्यक्षमता पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत गेली. वीसेक वॅटच्या यंत्राला चिलरची गरजच उरली नाही. छोट्या पंख्यांवर भागू लागलं. हा बदल करणाऱ्यांच्या डोक्यात वीजबिल होतं, दिवे बदलण्याची कटकट होती. कामगाराचे कान कुणाच्याच हिशेबात नव्हते.

मग उरलं काय? किरण धातूवर आदळतो तिथली चरचर. धूळ उडवायला लावलेली दाबाची हवा. आणि या दोघांवर कडी करणारी धूर ओढणाऱ्या ब्लोअरची अखंड घरघर. प्रमाणकांचा इतिहासही याच क्रमाने सरकला आहे. लेझर प्रक्रिया यंत्रांच्या सुरक्षिततेचं आयएसओ ११५५३ हे प्रमाणक १९९६ मध्ये आलं आणि त्याचा रोख प्रामुख्याने किरणांच्या धोक्याकडे होता. आवाज कमी करणं आणि मोजणं यासाठी वाहिलेला तिसरा भाग यायला २०१३ उजाडलं. या भागात यंत्राबरोबर त्याच्या पूरक उपकरणांचाही समावेश आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. लेझरचा आवाज वेगळा आणि धूर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा वेगळा मोजून दोन्ही कागदांवर समाधान मानायची सोय त्याने काढून घेतली. टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला सगळं एकत्रच ऐकू येतं.

आवाज कमी करायचा म्हटलं की पहिली धाव फोमच्या चादरींकडे जाते. वास्तविक हिशेब पंख्याच्या वेगाचा आहे. वेग निम्मा केला तर पंख्याचा आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो; नुसता वीस टक्के कमी केला तरी पाचेक डेसिबल पदरात पडतात. यावर रास्त हरकत अशी की वेग उतरवला तर धूर कोण ओढणार? मार्किंगच्या धुरातले कण अतिसूक्ष्म असतात, पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. तिथे तडजोड नकोच. पण ओढ हूडच्या, म्हणजे धूर ओढणाऱ्या नळीच्या, तोंडापासून दूर जाताना झपाट्याने, जवळजवळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, मरते. हूडचं तोंड खुणेच्या निम्म्या अंतरावर आणलं तर तोच धूर साधारण चौथाई हवेत पकडता येतो. अनेक ठिकाणी नळी वीतभर लांब टांगलेली असते, वेगवेगळ्या मापांचे जॉब बसावेत म्हणून, आणि त्या सोयीची किंमत ब्लोअर पूर्ण वेगाने फिरवून चुकवली जाते. फिल्टरचंही तसंच. लहान फिल्टर लवकर तुंबतो, मग तेवढीच हवा ओढायला पंखा जोरात फिरवावा लागतो आणि आवाज महिन्यागणिक चढत जातो. उलट बाजूही विसरू नये: घरघर असह्य झाली की एक्स्ट्रॅक्टरच बंद ठेवण्याचा मोह होतो. म्हणजे आवाज हा धुराचाही प्रश्न आहे.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. प्रेस शॉपमध्ये ९२ डेसिबलचा धडाका चालू असताना ७६ डेसिबलच्या लेझरची चिंता कशाला? गणित या हरकतीच्या बाजूने आहे. दोन्ही मिळून बेरीज जेमतेम ९२.१ होते. तिथे आधी प्रेसकडेच पाहावं, हे मान्य. मात्र लेझर मार्किंग आता प्रेसच्या शेजारी राहिलेलं नाही. ते टूलरूममध्ये, तपासणीच्या खोलीत, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये आलं आहे. २०२१ मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर एचयूआयडी हा सहा अक्षरी संकेत आल्यापासून हॉलमार्किंग केंद्रांतही ते दिवसभर चालतं. अशा खोलीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. आपल्या कारखाने नियमांतली आठ तासांसाठीची ९० डेसिबलची मर्यादा तिथे कधीच ओलांडली जात नाही, म्हणून कागदोपत्री तक्रारीला जागा नाही. पण मीटरभर अंतरावरचं साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं. संकेत वाचून दाखवणं आणि पडताळून घेणं हेच जिथे काम, तिथे बोलणं बुडवणारी घरघर म्हणजे चुकांना आमंत्रण. कानात प्लग घालून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो.

राहिला बंदिस्त पेटीचा उपाय. किरणांपासून संरक्षणासाठी बरीच यंत्रं आधीच पेटीबंद येतात, तेव्हा आवाजाचंही परस्पर भागेल असं गृहीत धरलं जातं. चरचरीपुरतं ते खरं आहे. पण पेटीच्या पृष्ठभागाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी भिंती कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पलीकडे घट मिळत नाही. आणि हवा आत यायला फट तर ठेवावीच लागते. त्या फटीला आतून अस्तर लावलेलं वळण दिलं, तर थोडक्या खर्चात फरक पडतो. ब्लोअर मात्र बहुधा पेटीच्या बाहेर, माणसाच्या पायाशीच असतो. त्याला पेटीचा काय उपयोग?

पन्नास ते शंभर वॅटचे फायबर लेझर आता आवाक्यात आले आहेत आणि नुसत्या खुणेऐवजी खोल कोरीवकामाची मागणी वाढते आहे. जास्त धातू उडतो, चरचर चढते, धूर वाढतो आणि त्यापाठोपाठ मोठा ब्लोअर येतो. कार्यक्षमतेने जे चाळीस वर्षांत मिळवून दिलं, ते वाढत्या वॅटमागे परत जाऊ लागलं आहे. खरेदीच्या कागदावर लेझरच्या वॅटचा आकडा ठळक असतो. एक्स्ट्रॅक्टर पूर्ण ओढीवर चालू असताना, फिल्टर अर्धा भरलेला असताना, कामगाराच्या कानाशी किती डेसिबल येतात हा रकाना अजून बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो.