दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा आणि बडोद्याची नियमावली

दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा १९८४ च्या काठमांडूपासून केला जातो. बडोदेकर या नात्याने मी तो साठ वर्षे मागे जाऊन याच नगरीपासून करतो.

शेजारी राष्ट्रांनी परस्परांशी खेळावयाचे तर खेळाचे नियम दोहोंकडे एकच हवेत. धावणे, पोहणे, मुष्टियुद्ध यांचे नियम पाश्चात्त्यांनी आधीच बांधून ठेवले होते. आपल्या मातीतील खेळांची स्थिती निराळी होती. आपला हुतूतू बंगालात हाडुडू, तर मद्रासकडे चेडुगुडू. बाद झालेल्या गड्याने कायमचे बाहेर बसावे, की प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत व्हावे, इथपासून मतभेद! बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले, आणि पुढच्याच वर्षी खो-खोची नियमावली काढली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला शिस्त लावण्याचे काम त्याआधीच आरंभिले होते, हेही नमूद केले पाहिजे. सयाजीरावमहाराजांच्या बडोद्यात या कार्यास पोषक हवा होती. प्रा. माणिकरावांची जुम्मादादा व्यायाममंदिर ही संस्था येथलीच, आणि द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ही येथूनच प्रसिद्ध झाला.

आपल्या डॉक्टर वाचकांना यातील एक नियम विशेष रुचावा. चढाई करणाऱ्याने एकाच दमात अखंड उच्चार करीत राहिले पाहिजे. बोलणे होते ते उच्छ्वासावर. त्यामुळे गड्याने चोरून श्वास घेतला की उच्चार तुटतो आणि पंचाच्या कानाला ते तत्काळ कळते. कोणत्याही उपकरणाविना श्वसनाची परीक्षा घेणारी ही युक्ती ज्याला सुचली, त्याला मी मनोमन वैद्यच समजतो.

नियम एक झाल्यावर खेळ सीमा ओलांडू शकला. १९७४ साली भारताचा कबड्डी संघ नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात कसोटी सामने खेळून आला आणि १९७९ साली बांगलादेशाने परतभेट दिली.

सप्टेंबर १९८४ मध्ये काठमांडूस भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान व मालदीव ही सात राष्ट्रे पहिल्या ‘सॅफ’ स्पर्धांसाठी एकत्र आली. क्रीडाप्रकार अवघे पाच, त्यांत आपल्या मातीतला एकही नव्हता. फुटबॉलचे सुवर्ण यजमान नेपाळने पटकावले. गंमत अशी की ‘सार्क’ ही राष्ट्रप्रमुखांची संघटना त्या वेळी जन्मलीही नव्हती! ती डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यास स्थापन झाली, आणि त्याच महिन्यात त्याच शहरी दुसऱ्या स्पर्धा भरल्या. या स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला.

कबड्डीत भारताचे वर्चस्व राहिले. अपवाद १९९३ च्या ढाक्याचा, जेथे पाकिस्तानने आपल्याला हरविले. मला हा पराभव स्पर्धेच्या दृष्टीने हितकर वाटतो, कारण अतिरेकी एकतर्फीपणा हे तिचे जुने दुखणे आहे. २०१६ साली गुवाहाटी व शिलाँग येथे भारताने एकट्याने तीनशेहून अधिक पदके मिळविली, त्यांत निम्म्याहून अधिक सुवर्ण! धाकट्या शेजाऱ्यांना यात गोडी कशी वाटावी?

दुसरे दुखणे राजकारणाचे. इस्लामाबादच्या नवव्या स्पर्धा २००१ साली व्हावयाच्या होत्या. त्या २००४ पर्यंत लांबल्या. तेथे अफगाणिस्तान प्रथमच सहभागी झाले आणि ‘दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा’ हे नावही त्याच सुमारास रूढ झाले. २००६ साली कोलंबोत महिलांची कबड्डी आली. खो-खोला मात्र २०१६ च्या गुवाहाटीपर्यंत थांबावे लागले; बडोद्याच्या नियमावलीनंतर तब्बल ९२ वर्षे. तेथे पुरुष व महिला या दोन्ही गटांतील सुवर्णपदके भारताने जिंकली.

२०१९ च्या काठमांडूनंतरचे यजमानपद पाकिस्तानकडे गेले आणि त्या स्पर्धा पुनःपुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष व महिला दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर उभा होता तो शेजारचा नेपाळच.