गेम खेळून डोकं तल्लख होतं का?

परवा ओपीडीत एक आई दहावीतल्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टर, हा म्हणतो गेममुळे डोकं चालतं. खरं का हो?"

मुलगा अगदीच चूक नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात ग्रीन आणि बॅव्हेलिअर यांनी असे गेम न खेळणाऱ्यांना १० दिवस रोज तासभर युद्धाचा गेम खेळायला लावला. एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवणं त्यांना आधीपेक्षा चांगलं जमू लागलं. टेट्रिस खेळणाऱ्या गटात तेवढा फरक पडला नाही. पण ही सुधारणा नजरेची आणि अवधानाची. त्याने गणितं सुटू लागतात, असं पुढच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. टेट्रिसमध्ये पटाईत असलेल्यांना मनात भराभर फिरवता येतात ते मुख्यतः टेट्रिसचेच तुकडे. मेंदू तसा चिक्कूच. ज्याचा सराव, तेवढंच देतो.

मी विचारलं, "झोपतोस किती वाजता?" तो गप्प. "दोनला," आई म्हणाली. दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गेम बंद करायला मी सांगितलं नाही. रात्री दहानंतर मोबाईल आईच्या उशाशी, आणि पंधरा दिवसांनी दोघांनी पुन्हा यायचं. आईचाही मोबाईल तिथेच, ही अट मुलाने घातली.