फरशीचे आयुष्य मोजताना

वाचकहो, घरासाठी फरशी निवडताना आपण काय पाहतो? रंग, चकाकी आणि भाव. फार तर मुलांचा पाय घसरणार नाही ना, एवढे विचारतो. ही फरशी आपल्यापर्यंत येण्यासाठी किती इंधन जळाले आणि आपल्या घरातून निघाल्यावर ती कोठे जाणार, हे प्रश्न दुकानदाराला सहसा कोणी विचारीत नाही. परंतु याच प्रश्नांचा विचार करणारे एक शास्त्र आज सिद्ध झाले आहे. त्यास 'जीवनचक्र-मूल्यमापन' म्हणतात. वस्तूच्या जन्मापासून अंतापर्यंतचा हा ताळेबंद कसा मांडावा, याचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ साली निघाले व २००६ साली ते सुधारण्यात आले.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाईच्या पावर हाउस भागातील एखाद्या घराचे उदाहरण घेऊ. खोली दहा चौरस मीटरांची आहे. तीत घालावयाची चिनी मातीची फरशी बहुधा गुजरातेतील मोरबीहून, म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून येते. फरशीच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि त्यातील फार मोठा वाटा एकट्या मोरबीचा आहे.

तेथे माती, फेल्डस्पार व गारेची पूड पाण्याबरोबर दळून पातळ लगदा करतात. तप्त हवेत त्याचे तुषार उडवून कोरडी भुकटी मिळवितात, ती प्रचंड दाबाखाली ठोकतात, वर झिलई चढवितात आणि सुमारे ११०० ते १२०० अंश तापमानाच्या भट्टीतून रुळांवरून पुढे नेतात. लगदा वाळविणे आणि फरशी भाजणे या दोनच पायऱ्यांवर कारखान्यातील बहुतेक उष्णता खर्च होते. म्हणूनच भट्टीत कोणते इंधन जळते, यास एवढे महत्त्व आहे. कोळशापासून वायू करणाऱ्या संयंत्रांतून निघणारे विषारी डांबरी पाणी मोरबीच्या परिसरास जाचक झाले होते. राष्ट्रीय हरित अधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ती संयंत्रे बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर फरशीचे वजन सुमारे वीस किलो धरले, तर आपल्या खोलीस दोनशे किलो माल लागेल. ही फरशी नीट बसविली तर पन्नास वर्षे सहज टिकते. परंतु रंग जुना वाटला म्हणून दर दहा वर्षांनी ती उखडली, तर त्याच पन्नास वर्षांत पाच वेळा मिळून हजार किलो माल भाजावा लागेल, आणि त्यातील आठशे किलो तरी राडारोडा होऊन शहराबाहेर पडेल. कारखान्याने भट्टी कितीही सुधारली, तरी एवढी बचत त्याला साधणार नाही. ती केवळ गृहस्थाच्या हाती आहे.

भिलाईकरांना या हिशेबाचा आणखी एक धडा घरबसल्या मिळतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. भट्टीत लोखंडाबरोबर निघणारी मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली की तिची वाळूसारखी कणी होते. ती दळून सिमेंटमध्ये मिसळतात. भारतीय मानकानुसार अशा सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते. तेवढा चुनखडीचा भाग भाजावा लागत नाही, म्हणून धूर व कर्बवायू कमी होतो. मात्र येथे शास्त्रज्ञांपुढे एक पेच उभा राहतो. भट्टीत जळालेल्या कोळशाचा भार पोलादाच्या खाती लिहावा, की त्यातील काही मळीच्याही खाती? मळी टाकाऊ मानली तर सिमेंट स्वच्छ दिसते. तिला किंमत आहे असे मानले तर भाराचा वाटा तिच्याकडेही येतो. म्हणून 'हरित' हा शब्द वाचताना हिशेब कसा मांडला आहे, हेही पाहावे लागते.

आणि एक खाते तर पुष्कळ ताळेबंदांत नसतेच. गारेच्या पुडीची बारीक धूळ श्वासाबरोबर वर्षानुवर्षे आत गेली, की फुप्फुसे कठीण होतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. माती कालवणारा, साचा झाडणारा मजूर आपल्या फरशीची किंमत अशी देत असतो. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सामाजिक जीवनचक्राची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. श्रमिकांचे आरोग्यही त्या हिशेबात मोजावे, असा त्यांचा आग्रह आहे. ओले दळण, धूळ ओढणारे पंखे आणि योग्य मुखपट्टी हे उपाय महागडे नाहीत, पण ते अमलात मात्र आणावे लागतात.

तेव्हा, वाचकहो, फरशी घेताना टिकाऊ घ्या, नीट बसवून घ्या आणि मन कंटाळले म्हणून ती उखडू नका. शक्य असेल तेथे जवळचा माल घ्या. जुनी फरशी सुस्थितीत असेल, तर तिलाच घासूनपुसून नवा उजाळा द्या. घरातील सर्वांत कमी धूर करणारी फरशी बहुधा तीच असते, जी आपल्या पायाखाली आधीच आहे.