घरचा बर्फ आणि यंत्रातली बुळबुळ

बर्फ गोठलेला असतो, म्हणजे तो निर्जंतुकही असतो, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक थंडीने बहुतेक जंतूंची वाढ थांबते. ते मरतातच असे नाही. काविळीस कारणीभूत ठरणारा हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू तर बर्फातही तग धरतो. खाण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक झाले. घरच्या बर्फावर मात्र असा पहारा कोण ठेवणार?

ओट्यावर मावणाऱ्या छोट्या आइसमेकरमध्ये तळाशी पाण्याची टाकी असते. पंप तेथील पाणी वरच्या तबकात चढवतो. त्यात बुडालेल्या धातूच्या थंडगार कांड्यांभोवती बर्फ धरतो, मग कांड्या किंचित तापून तो सुटतो आणि टोपलीत पडतो. तबकात उरलेले पाणी पुन्हा टाकीत जाते. टोपली फ्रीझरइतकी थंड नसल्याने तिच्यातला बर्फ हळूहळू वितळतो, आणि तेही पाणी टाकीतच उतरते. खरी मेख येथेच आहे. गोठताना पाणी आपल्यातील क्षार बाहेर टाकते. त्यामुळे मागे उरणारे पाणी फेरीगणिक अधिक क्षारयुक्त होत जाते. शिवाय कोणी हात घालून बर्फ उचलला असेल, तर त्या हाताचा मळही याच चक्रात फिरतो.

या क्षारांचा पांढरा थर कांड्यांवर आणि पंपाच्या जाळीवर बसतो. बर्फ पातळ, पोकळ पडू लागला किंवा टाकी भरलेली असूनही ‘पाणी संपले’चा दिवा लागला, तर आधी हा थर पाहावा; मेकॅनिकला नंतर बोलवावे. लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून टाकीत भरावे, यंत्राच्या दोन-तीन फेऱ्या होऊ द्याव्यात व तो बर्फ फेकून द्यावा. मग स्वच्छ पाण्याने टाकी दोन-तीनदा विसळावी. पहिला बर्फही वापरू नये. कांड्यांवर तारेची घासणी चालवली, तर मुलामा निघतो.

बुळबुळीत किंवा गुलाबी थर दिसला, तर तो क्षारांचा नव्हे, जंतूंचा. तो काढण्यासाठी यंत्राची पिन काढून सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा. लिंबूसत्त्व वा व्हिनेगर यांच्याबरोबर ब्लीच कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि स्वयंपाकघरासारख्या बंदिस्त जागेत तो जिवावर बेतू शकतो.

साधारणपणे महिन्यातून एकदा ही सफाई पुरते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांनी ती पंधरवड्याने करावी. नळाला जोडलेल्या फ्रिजमधील आइसमेकरचा फिल्टर बहुधा सहा महिन्यांनी बदलावा लागतो. हा खर्च टाळण्याकडेच अनेकांचा कल असतो.

पावसाळ्यात यंत्र माळ्यावर टाकायचे असेल, तर खालचे बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करावी आणि आतून कोरडी होईपर्यंत, एक-दोन दिवस, झाकण उघडेच ठेवावे.