पॉडकास्टचें फीड व त्याचें नांव

गेल्या खरिपांत आमच्या मंडळाच्या पॉडकास्टवर एका फवारणीचें माप चुकीचें सांगितलें गेलें. 15 लिटरच्या पंपास जें औषध घालावयाचें तें बोलणाराच्या तोंडून 10 लिटरला म्हणून निघून गेलें. म्हणजे ऐकल्याबरहुकूम करणाराच्या पिकावर दीडपट तीव्रतेचें पाणी पडणार. चूक दुपारीं ध्यानांत आली. ज्या तरुणाकडे यंत्राचें काम होतें त्यानें ताबडतोब दुरुस्त ध्वनिफीत तयार करून जुनीच्या जागीं ठेविली, आणि आम्ही सारे निश्चिंत झालों. तिसऱ्या दिवशीं एका सभासदाचा फोन आला, "भाऊसाहेब, दहा लिटरला म्हणालांत तेंच माप ना? उद्यां फवारतों." त्यांच्या फोनमध्यें पहिली, चुकीची फीत पहिल्याच सकाळीं उतरून बसली होती, दुरुस्त फीत त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. त्यांनीं विचारलें म्हणून बरें. न विचारणारे किती असतील या काळजीनें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. संगणकाचें शिक्षण आम्हांस नाहीं, व इंग्रजीही बेताचेंच. परंतु त्या प्रसंगानंतर हें फीड म्हणजे काय तें समजून घेण्यास बसलों, तेव्हां असें दिसून आलें कीं ही वस्तु कारकुनास मुळींच परकी नाहीं. ती एक नोंदवही आहे. हल्लीं कित्येक गांवांतील शेतकरी मंडळें व उत्पादक कंपन्या आपापले पॉडकास्ट काढूं लागल्या आहेत, व आमच्याकडे त्यासंबंधीं विचारणा होते. सबब जें आम्हांस ठेचा खाऊन कळलें तें येथें देतों.

आकाशवाणीवरील भाषण एका ठिकाणाहून सुटतें व त्याच क्षणीं सर्वांस ऐकूं येतें. पॉडकास्टची रीत निराळी. येथें बोलणारा कोणाकडे कांहीं पाठवीत नाहीं. तो आपली ध्वनीची फाइल इंटरनेटवरील एका सर्व्हरवर ठेवितो, आणि तिच्या जोडीस मजकुराची एक लहानशी फाइल ठेवितो. कोणता भाग केव्हां निघाला, त्याचें नांव काय, व त्याचा ध्वनि कोठें ठेविला आहे, हें त्या फाइलींत लिहिलेलें असतें. श्रोत्याच्या फोनमधील ॲप, किंवा त्या ॲपच्या कंपनीचा सर्व्हर, वेळोवेळीं येऊन ही फाइल वाचून जातो, आणि नवी नोंद दिसली म्हणजे श्रोत्यापुढें मांडतो. या मजकुराच्या फाइलीसच फीड म्हणतात, व तिच्या मांडणीस आर्. एस्. एस्. असें नांव आहे. 1999 सालीं नेटस्केप कंपनीनें ही मांडणी प्रथम काढली ती बातम्यांच्या मथळ्यांकरितां. डेव्ह वायनर या अमेरिकन गृहस्थानें 2000 सालाच्या अखेरीस तींत ध्वनीची फाइल जोडण्याचा रकाना घातला. 2002 सालीं निघालेली दुसरी आवृत्ति आजही चालू आहे. 2005 सालच्या जूनमध्यें ॲपल कंपनीनें आपल्या आयट्यून्समध्यें पॉडकास्ट घेतले व आपले कांहीं जादा रकाने जोडले, तेही आतां बहुतेक सर्वत्र चालतात. इतिहास इतका पुरे.

हें सर्व हातानें लिहावें लागत नाहीं. ध्वनि ठेवून घेणारी जी होस्टिंग कंपनी, तिच्या पानावर फॉर्म भरला कीं फीड आपोआप तयार होतें. तथापि उतारा तलाठी काढून देतो म्हणून तो वाचावयाचा नाहीं, असें कोणी शहाणा खातेदार म्हणत नाहीं.

फीडाचा वरचा भाग संपूर्ण पॉडकास्टविषयीं असतो. त्यांत नांव, दुवा व वर्णन हे तीन रकाने सक्तीचे. त्याखेरीज चित्र, भाषा, वर्गवारी, व मजकूर मुलांनीं ऐकण्यास अयोग्य आहे कीं काय, हे रकाने ॲपल मागतें. चित्र चौरस असावें, बाजू 1400 पासून 3000 बिंदूंपर्यंत. भाषेच्या रकान्यांत फॉर्म आपण होऊन इंग्रजी घालून ठेवितो व पुष्कळजण तें तसेंच राहूं देतात. तेथें मराठी निवडावी, म्हणजे फीडांत ‘एम्’ आणि ‘आर्’ हीं दोन अक्षरें जातात व मराठी म्हणून आपली गणना होते.

नांवाविषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण सभेंत सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला होता. प्रत्येकास आपलें पीक नांवांत हवें होतें. शेवटीं मंडळाचें नांव, मग कांदा, कपाशी, द्राक्ष, ऊस, हवामान, बाजारभाव व पुन्हां ‘मराठी पॉडकास्ट’ अशी एक मालगाडी तयार झाली. शोधणारास सांपडावें म्हणून नांवांत शब्द कोंबणें ॲपलच्या नियमांत बसत नाहीं, व अशा कारणावरून पॉडकास्ट नाकारलाही जातो. शिवाय फोनच्या पडद्यावर नांवाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात. बाकीचें टिंबांत जातें. आम्हीं अखेर तीन शब्दांचें नांव ठेविलें व पिकांची यादी वर्णनांत हलविली. आपले बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी लिपींत टंकून शोधतात, म्हणून वर्णनाच्या आरंभीं नांवाचें तसें रूपही एकदां घालावें. नांव ठरविण्यापूर्वीं तेंच नांव दुसऱ्या कोणाचें नाहीं ना, हें दोन-तीन ॲपांत शोधून पाहावें. आम्हीं पाहिलें नव्हतें, व पहिले चार महिने आमचे कांहीं श्रोते भलत्याच कोणाचीं व्याख्यानें ऐकत होते!

एक विनोदी वाटणारी पण खरी अडचण सांगतों. इंग्रजींत ‘आणि’ या अर्थीं जें वळणदार चिन्ह काढतात, तें फीडाच्या भाषेंत राखीव आहे. हातानें लिहिलेल्या फीडांत तें नुसतेंच घातलें तर संपूर्ण फाइल अशुद्ध ठरते, व एका भागाच्या नांवापायीं सर्व भाग दिसेनासे होऊं शकतात. चांगल्या कंपनीचा फॉर्म तें आपोआप सुधारून घेतो. पण आपल्या मराठींत ‘व’ हें एकाक्षरी अव्यय असतां त्या चिन्हाची हौस हवी कशाला, हें आम्हांस कळत नाहीं.

भागांच्या नांवांतही हाच विवेक हवा. ‘शेतकरी मंडळ, भाग बारावा, कांदा रोपांची मर’ असें लिहिलें तर शेतकऱ्यास हवा असलेला शब्द शेवटीं पडतो व कापला जातो. ‘कांदा: रोपांची मर’ इतकेंच लिहावें. भागाच्या अनुक्रमांकास फीडांत स्वतंत्र रकाना आहे, तो तेथें भरावा.

आतां नांव आणि पत्ता यांतील भेद. श्रोता पॉडकास्टचा वर्गणीदार होतो तेव्हां त्याचें ॲप पॉडकास्टचें नांव धरून ठेवीत नाहीं. तें फीडाचा पत्ता धरून ठेवितें. सात-बारावरील खातेदाराचें नांव फेरफारानें बदलतें, गट नंबर तोच राहतो, तसेंच हें आहे. मंडळानें उद्यां पॉडकास्टचें नांव बदललें, तर फीडांतील नांवाचा रकाना बदलावा. एक-दोन दिवसांत सर्व ॲपांत नवें नांव दिसूं लागतें आणि एकही श्रोता कमी होत नाहीं. (चित्रावर जुनें नांव असेल तर चित्रही बदलावें, व नव्या चित्राच्या फाइलीस निराळें नांव द्यावें, नाहींतर कांहीं ॲपें जुनेंच चित्र दाखवीत राहतात.) परंतु फीडाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावर कांहीं व्यवस्था ठेविली नाहीं, तर सारे श्रोते जुन्या पत्त्याशींच राहतात. त्यांस कसलीही सूचना जात नाहीं. त्यांच्या फोनमध्यें आपला पॉडकास्ट मुका झालेला दिसतो, व मंडळ बंद पडलें असा त्यांचा समज होतो. म्हणून पत्त्यामध्यें पॉडकास्टचें नांव घालूं नये, आणि शक्य असेल तर पत्ता मंडळाच्या स्वतःच्या डोमेनवर असावा. होस्टिंग कंपनी बदलली तरी डोमेन आपलें राहतें. मात्र त्याचें भाडें मुदतींत भरलें पाहिजे.

प्रत्येक भागाच्या नोंदींत तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली ध्वनीच्या फाइलीची जोडणी. तींत पत्ता, प्रकार व लांबी हीं असतात. लांबी म्हणजे मिनिटें नव्हेत, बाइट होत. साध्या भाषणास 64 किलोबिटची एकमार्गी एम्पी-थ्री फीत आम्हांस पुरेशी वाटते; 20 मिनिटांचें भाषण त्या हिशेबानें सुमारें 96 लक्ष बाइट भरतें, आणि वस्तीवर जेथें नेटवर्क कसेंबसें येतें तेथेंही तें उतरतें. फाइल घरगुती साठवणीच्या एखाद्या मोफत जागेंत ठेवून तिचा दुवा देऊं नये. ॲपें फाइलीचा हवा तो तुकडा मागतात, व तसा तुकडा देणारा सर्व्हर लागतो.

दुसरी गोष्ट तारीख. ती वेळेसह लिहावयाची असते व शेवटीं भारतीय वेळेचा फरक, अधिक साडेपांच तास, दाखवावा लागतो. तो न दाखवितां ग्रिनिचची वेळ म्हणून नोंद झाली, तर सकाळीं 6 ला निघावयाचा भाग साडेअकरास निघतो. आमचा बाजारभावाचा भाग दोन आठवडे याच कारणानें लिलाव सुरू झाल्यावर पोहोंचत होता, व सभासद आम्हांस आळशी म्हणत होते.

तिसरी गोष्ट ओळखक्रमांक, इंग्रजींत जी. यू. आय्. डी. म्हणतात तो. आरंभीं सांगितलेल्या चुकीचें मूळ येथेंच आहे. प्रत्येक भागास एक कायमचा, दुसऱ्या कोणत्याही भागास नसलेला क्रमांक असतो. फेरफार नोंदीस असतो तसा. ॲप हा क्रमांक पाहून भाग नवा कीं जुना तें ठरवितें. आम्हीं ध्वनि बदलला, पण नोंद व क्रमांक तेच ठेविले. तेव्हां ज्यांच्या फोनमध्यें तो भाग आधींच उतरला होता, त्यांच्या ॲपास नवें असें कांहीं दिसलेंच नाहीं. ज्यांनीं नंतर ऐकलें त्यांस मात्र दुरुस्त ध्वनि मिळाला, म्हणून आमची खात्री पटली कीं काम झालें. खरें पाहतां नोंद खोडून शाई फिरविण्याची मनाई दप्तरांत जशी असते तशी येथेंही पाळावयास हवी होती. आतां आमची रीत अशी: चुकीच्या भागाचा ध्वनि बदलावयाचा तो बदलावा, त्याच्या नांवापुढें ‘दुरुस्त’ असें लिहावें, पण त्याच दिवशीं नव्या क्रमांकाचा, दोन मिनिटांचा, वेगळा भाग काढावा, आणि त्याच्या नांवांतच पीक, ‘माप चुकलें होतें’ व खरें माप हें घालावें. तो भाग नवी नोंद म्हणून सर्वांकडे जातो. औषधाचा प्रश्न असेल तर तेवढ्यावर न थांबतां फोन करावेत व चावडीच्या फळ्यावर लिहावें, कारण सर्वच लोक रोज ॲप उघडीत नाहींत. भाग फीडांतून काढून टाकल्यानें उतरलेली फीत श्रोत्याच्या फोनमधून खात्रीनें नाहींशी होते असें समजूं नये.

उलटपक्षीं जुन्या भागांचे क्रमांक बदलले, तर तेच भाग नवे म्हणून पुन्हां लोकांच्या फोनमध्यें उतरूं लागतात. कंपनी बदलतांना हें विशेषेंकरून घडतें. नवी कंपनी जुने क्रमांक कायम ठेविते कीं नाहीं हें आधींच विचारून घ्यावें.

मालकीविषयीं सांगावयाचें तर आमचें फीड आरंभीं त्या तरुणाच्या कॉलेजच्या ई-मेलवर उघडलें होतें. मुलगा प्रामाणिक, परंतु तो पदवी घेऊन नोकरीस गेला व कॉलेजनें त्याचा ई-मेल बंद केला. स्पॉटिफायसारख्या ठिकाणीं पॉडकास्ट आपला आहे हें सिद्ध करावयाचें झाल्यास फीडांत लिहिलेल्या ई-मेलवर संकेतांक येतो. तो येत होता, पण बंद दारावर. होस्टिंग कंपनीची मनधरणी, ओळखपत्रें, मंडळाचा ठराव, असें करतां करतां अडीच महिने गेले, व कपाशीचा सबंध हंगाम पॉडकास्ट गप्प राहिला. आतां ई-मेल मंडळाच्या नांवें आहे, आणि त्याचा परवलीचा शब्द बंद लखोट्यांत चिटणिसांच्या कपाटांत.

कंपनी सोडतांना जुन्या कंपनीकडून जुन्या पत्त्यावर कायमचें पुनर्निर्देशन लावून घ्यावें, म्हणजे जो जुन्या पत्त्यावर येईल तो आपोआप नव्याकडे जाईल. ॲपलचा ‘नवा फीड-पत्ता’ असा एक रकानाही आहे, तोही भरावा. हें दोन्ही किमान चार आठवडे ठेवावें असें ॲपल सांगतें. आम्ही म्हणूं, जुनी कंपनी ठेवूं देईल तितके दिवस ठेवावें, कारण कांहीं ॲपें महिनोन्‌महिने उघडलींच जात नाहींत. जी कंपनी पुनर्निर्देशन देत नाहीं तिच्याकडे मुळांतच जाऊं नये, मग ती फुकट कां असेना. 2024 सालीं गूगलनें आपलें पॉडकास्टचें ॲप बंद केलें तेव्हां श्रोत्यांस दुसरें ॲप घ्यावें लागलें, परंतु कोणाचें फीड त्यामुळें बुडालें नाहीं. ॲप दुसऱ्याचें असलें तरी चालतें.

फीड शुद्ध आहे कीं नाहीं हें फुकट तपासून देणारीं पानें इंटरनेटवर आहेत. नवा भाग घातल्यावर फीडाचा पत्ता तेथें देऊन पाहावा. तसेंच चिटणिसांनीं आपल्या फोनमध्यें दोन निरनिराळ्या ॲपांत आपल्याच पॉडकास्टचें वर्गणीदार व्हावें, आणि प्रत्येक भाग निघाल्यावर तो एकदां तेथून, श्रोत्यासारखा, ऐकून पाहावा.