भुकेची वेळ कोण ठरवतो?

‘भूक लागली की खा, पोट भरले की थांबा.’ १९९५ साली दोन अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी या विचारावर पुस्तक लिहिले. आता मधुमेहींनाही तो सांगितला जातो. आम्हाला तो परका नाही. कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा मात्रा ओळखून जेवण्याचाच उपदेश त्याला मिळाला. जेवताना तो उपदेश ऐकवायला राजाने एक तरुण ठेवला आणि आहार हळूहळू कमी केला. उपास नाही, धास्ती नाही.

पण राजाचे ताट राजाच्या हाती होते. कळमेश्वरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या आमच्या बांधवाचे काय? त्याची भूक भोंग्यावर चालते. सुट्टी झाली की भूक असो-नसो, डबा उघडायचा. डब्यात बहुधा रेशनचाच भात.

शिवाय साखर फार वाढली की भूकही वाढते. मग पोटाचे ऐकायचे कसे? ग्लुकोमीटरची साक्ष हवीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने तर भुकेची वाट पाहत बसूच नये. घाम, थरथर, धडधड म्हणजे साखर उतरल्याची खूण असू शकते. ७० च्या खाली गेली तर लगेच साखरपाणी घ्यावे. पाळी बदलली की गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. जेवणाच्या सुट्टीची वेळ मात्र कामगार संघटनेने व्यवस्थापनाशी बोलून ठरवून घ्यावी.