गोल्फचा हंगाम : एक ओळख

गोल्फ म्हणजे श्रीमंतांची करमणूक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु व्यावसायिक गोल्फपटूला तो वर्षभर पोटासाठी खेळावा लागतो. १९७२ साली सुरू झालेली 'युरोपियन टूर' ही स्पर्धामालिका २०२२ च्या हंगामापासून 'डीपी वर्ल्ड टूर' म्हणून ओळखली जाते. तिच्यातील बहुतेक स्पर्धा चार दिवस चालतात. रोज १८ याप्रमाणे एकूण ७२ होल. दोन दिवसांनंतर सुमारे निम्मे खेळाडू गळतात. त्यांना बक्षिसाच्या रकमेत वाटा नसतो. प्रवास-मुक्कामाचा खर्च मात्र चुकत नाही. प्रत्येक स्पर्धेतील कामगिरी वार्षिक गुणवत्ता यादीत जमा होते. यादीत फार मागे पडणाऱ्याला सहसा पुढील वर्षासाठी पुन्हा पात्रता मिळवावी लागते.

स्पेनचा सेवे बॅलेस्टेरॉस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकाच काठीने सराव करी. १९७६ साली, अवघ्या १९ व्या वर्षी, तो या यादीत पहिला आला.

मालिकेतील काही स्पर्धा युरोपबाहेरही होतात. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरी याने २०१५ साली मलेशियन ओपन व इंडियन ओपन जिंकल्या. दोन्ही विजय युरोपच्या हंगामातच मोजले गेले.